बॉडी एका वीकेंडला होत नाही

रोटरवे एक्झेक या घरी जोडायच्या छोट्या हेलिकॉप्टरच्या किटमध्ये फायबरग्लासची बॉडी तयारच येते, एका वीकेंडला जोडून होते असं लेखात लिहिलंय ते अजिबात पटलं नाही. इथे अमेरिकेत मित्राच्या गॅरेजमध्ये हे काम मी स्वतः केलंय. साच्यातून निघालेल्या भागाला मेण लागलेलं असतं, ते आधी असिटोनने पुसून मग पॉलिश पेपरने चकाकी पार घालवल्याशिवाय रेझिन (भाग चिकटवणारं रसायन) नीट धरतच नाही, जोड वरून पक्का दिसतो आणि नंतर व्हायब्रेशनने सुटतो. शिवाय स्टीलच्या फ्रेमवर बसवताना कडा थोडी घासायची, लावून बघायची, परत काढायची, दाराची फट सगळीकडे सारखी येईपर्यंत हेच चालू.

आणि फटी बुजवायला पुट्टी थापू नका हो, वजन वाढतं! मास्कबद्दल लेखात एक ओळही नाही, घासताना उडणारी फायबरग्लासची धूळ छातीत जाते, हे तर सगळ्यात आधी लिहायला हवं होतं.