ब्रुकलिनच्या नृत्यशाळेतला बाबांचा वर्ग

गेल्या वर्षी सप्टेंबरमध्ये बाबा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे न्यू जर्सीला आले, तेव्हा त्यांच्या कंपवाताला, म्हणजे पार्किन्सन्सला, आठ वर्षे होत आली होती. साताऱ्यात तीस वर्षे शाळेत गणित शिकविलेले बाबा आमच्या स्वयंपाकघराच्या दारापाशी आले की थबकत. पाऊल जमिनीला चिकटून बसे, आणि मागून कुणी घाईने हाक मारली तर ते अधिकच घट्ट चिकटे. हात थरथरतो, एवढेच या आजाराबद्दल बहुतेकांना ठाऊक असते. चेहऱ्यावरचे भाव गोठतात, आवाज इतका खाली जातो की शेजारच्या खुर्चीतल्या माणसालाही ऐकू येत नाही, अक्षर बारीक होत जाते आणि या सगळ्यापायी माणूस चारचौघांत जाणेच सोडून देतो, हे घरच्यांनाच कळते. बाबांनी नात्यातल्या लग्नांना जाणेसुद्धा बंद केले होते, कारण जेवताना हातातली वाटी सांडायची आणि शेजारी बसलेले ते न पाहिल्यासारखे करायचे.

माझ्या एका सहकाऱ्याने मला ब्रुकलिनमधल्या मार्क मॉरिस नृत्यकेंद्राची माहिती दिली. मार्क मॉरिस हे अमेरिकेतले मोठे नृत्यरचनाकार. त्यांनी १९८० मध्ये स्वतःचा नृत्यसंघ काढला आणि २००१ मध्ये ब्रुकलिनच्या फोर्ट ग्रीन भागात, लाफायेट अव्हेन्यूवर, या संघाची स्वतःची इमारत उभी राहिली. संघाच्या तालमी तिथे होतात, वस्तीतली मुले आणि मोठी माणसे तिथेच नृत्य शिकतात आणि बाहेरच्या कलावंतांनाही तालमीसाठी जागा मिळते. त्याच वर्षी ऑली वेस्टहाइमर नावाच्या बाई संघाकडे एक विनंती घेऊन आल्या. ब्रुकलिनमध्ये कंपवाताच्या रुग्णांचा एक गट त्यांनी उभा केला होता. त्यांचे म्हणणे साधे होते. नर्तक वर्षानुवर्षे ज्या गोष्टीचा सराव करतात, म्हणजे प्रत्येक हालचाल मनात आधी पाहणे, तिला ताल देणे, तोल कुठून कुठे जातो याकडे जाणीवपूर्वक लक्ष ठेवणे, नेमकी तीच गोष्ट या लोकांना रोज खुर्चीतून उठताना करावी लागते; तेव्हा नर्तकांनीच त्यांना शिकवावे. डेव्हिड लेव्हेंथल आणि जॉन हेगिनबॉथम या संघातल्या दोन नर्तकांनी वर्ग सुरू केला. पहिल्या वर्गाला सहा जण आले होते. आज या पद्धतीचे वर्ग पंचवीसहून अधिक देशांत चालतात आणि ब्रुकलिनमधल्या वर्गाला अजूनही शुल्क नाही.

बाबा जायला तयार नव्हते. साताऱ्यात असताना एका ठिकाणी त्यांना व्यायामासाठी नेले होते. तिथे रबरी चेंडू दाबायला देऊन ‘शाब्बास आजोबा’ म्हणणाऱ्यांचा हेतू चांगलाच असणार, पण बाबा दुसऱ्या दिवसापासून तिकडे फिरकले नाहीत. व्यायामाचे मोल मी कमी लेखत नाही. या आजारात तो अत्यंत आवश्यक आहे. तरीही ज्या माणसाने आयुष्यभर इतरांना शिकविले, त्याच्याशी लहान मुलाशी बोलावे तसे बोलले गेले की त्याच्या आत काय तुटते, हे मी त्या वेळी बाबांच्या गप्प बसण्यात पाहिले होते.

ब्रुकलिनला आम्ही गाडीने गेलो. हॉलंड बोगदा ओलांडून मॅनहॅटन पुलावरून उतरेपर्यंत बाबा एक शब्द बोलले नाहीत. उंच छत, एका भिंतीला आरसे, गोलाकार मांडलेल्या खुर्च्या आणि कोपऱ्यात पियानोवर बसलेला वादक. ध्वनिमुद्रित संगीत नव्हते. मॉरिस यांच्या संघाचा जिवंत संगीताचा आग्रह प्रसिद्ध आहे, आणि या वर्गाच्या बाबतीत तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटला, कारण कुणी मागे पडले की वादक लय किंचित रोखून धरतो. यंत्र तसे करीत नाही. वर्ग सव्वा तासाचा होता. सुरुवात खुर्चीत बसून, हात आणि पाठीच्या हालचालींनी झाली. मग खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहणे, आणि शेवटी जोडीजोडीने सभागृहाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणे. रुग्णांच्या बरोबरीने त्यांचे पती, पत्नी, मुलेही नाचत होती. मीही नाचले, त्याआधी मी कधी नृत्य केले नव्हते.

वर्गाच्या मध्यावर शिक्षिका बाबांपाशी आली आणि म्हणाली की तुमचा डावा हात कोपरापाशीच संपतो आहे, तो बोटांच्या टोकापर्यंत जाऊ द्या आणि नजर हाताच्या मागे न्या. तिने त्यांच्या हाताला स्पर्श केला नाही. स्वतः करून दाखविले आणि थांबली. बाबांनी पुन्हा केले. तिने मान हलविली, ‘अजून थोडे’ म्हटले आणि पुढच्या माणसाकडे गेली. परतताना बाबा गाडीत म्हणाले, ‘आठ वर्षांत आज पहिल्यांदा कुणीतरी माझी चूक काढली.’ त्यांच्या आवाजात तक्रार मुळीच नव्हती. गणिताच्या मास्तरांना ठाऊक होते की ज्याच्याकडून काही होईल असे वाटते, त्याचीच वही शिक्षक तांबड्या शाईने तपासतो.

सर्वसमावेशक हा शब्द आपल्याकडे अलीकडे फार वापरला जातो आणि बहुतेक वेळा त्याचा अर्थ ‘त्यांच्यासाठीही काहीतरी वेगळे’ असा होतो: वार्षिक कार्यक्रमात दहा मिनिटांचे एक नृत्य, खूप टाळ्या, डोळ्यांत पाणी. माझे मत असे आहे की कलाकेंद्र सर्वसमावेशक आहे की नाही हे तिथे कुणाला प्रवेश मिळतो यावरून ठरत नाही. तिथे प्रत्येकाला खरे शिक्षण मिळते का, यावरून ते ठरते. व्यावसायिक नर्तक ज्या लाकडी जमिनीवर तालीम करतात, त्याच जमिनीवर बाबा चालले. त्या संघाच्या रंगमंचावरच्या नृत्यांतले तुकडे सोपे करून वर्गात शिकविले जातात, तेव्हा ते तुकडे कुठून आले हेही सांगितले जाते.

या वर्गाने आजार बरा होतो, असे मी कुणालाही सांगणार नाही आणि केंद्रातले शिक्षकही तसे सांगत नाहीत. कंपवातात मेंदूतल्या डोपामाइन हे रसायन तयार करणाऱ्या पेशी नष्ट होत जातात आणि त्या परत आणण्याचा उपाय आज नाही. आपोआप होणाऱ्या हालचाली अडतात. पण बाहेरून ताल मिळाला, किंवा जमिनीवर रेघा दिसल्या, तर अनेकांचे अडलेले पाऊल सुटते. टोरंटोच्या यॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, आठवड्यातून एकदा अशा वर्गाला जाणाऱ्या १६ जणांची हालचालींची लक्षणे तीन वर्षांत, न जाणाऱ्या १६ जणांच्या तुलनेत, कमी वाढलेली आढळली. संख्या लहान आहे, म्हणून मी यावर मोठा दावा उभा करणार नाही. बाबा मार्चमध्ये परत जाईपर्यंत दर आठवड्याला सकाळी स्वतः इस्त्रीचा सदरा काढून ठेवीत, एवढे मी डोळ्यांनी पाहिले.

महाराष्ट्रात हे नवीन नाही, याचा मला अभिमान वाटतो. कथक आणि समकालीन नृत्य शिकलेले हृषिकेश पवार यांनी पुण्यात २०१० मध्ये कंपवाताच्या रुग्णांसाठी नृत्यवर्ग सुरू केला. पुण्याचे पार्किन्सन्स मित्रमंडळ रुग्णाला ‘शुभार्थी’ आणि त्याची काळजी घेणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणते. हे दोन शब्द ऐकल्यापासून बाबा ‘पेशंट’ हा शब्द घरात कुणाला उच्चारू देत नाहीत. परंतु पुणे म्हणजे महाराष्ट्र नव्हे. साताऱ्यात, सांगलीत, लातूरला कथक आणि भरतनाट्यमचे वर्ग आहेत, आणि त्यांतले बहुतेक संध्याकाळी भरतात. सकाळी ती सभागृहे कुलूपबंद असतात.

आणि आपल्याकडे साहित्य किती आहे! कथकच्या पढंतीत बोल मोठ्याने म्हणावे लागतात, म्हणजे खाली गेलेल्या आवाजाचा आपोआप सराव होतो. अभिनय हा तर गोठलेल्या चेहऱ्यासाठीच आहे असे वाटावे. वारकऱ्यांची पावली पाहा: टाळाच्या ठेक्यावर पुढे, मागे, पुन्हा पुढे, वजन एका पायावरून दुसऱ्यावर नेण्याचा याहून सुंदर धडा मला माहीत नाही. जानेवारीत ब्रुकलिनच्या वर्गात, शेवटच्या वर्तुळात प्रत्येकाने आपली एक हालचाल शेजाऱ्याला द्यायची होती, तेव्हा बाबांनी पावलीची दोन पावले दिली आणि तीस माणसांनी ती वर्तुळभर फिरविली.

लागते फार थोडे. बिनचाकांच्या भक्कम खुर्च्या, न घसरणारी जमीन, तळमजल्यावरचे स्वच्छतागृह, गोळीचा असर असेल अशी वेळ, दोन-तीन मदतनीस, एक जिवंत वादक, आणि चूक दाखवायला न कचरणारा शिक्षक.

साताऱ्यात आमच्या गल्लीतल्या कथक शिकविणाऱ्या ताईंनी जूनपासून दर गुरुवारी अकरा वाजता असा वर्ग घ्यायला सुरुवात केली आहे. अकरा, कारण बाबांची गोळी दहाची आहे. ताईंचा स्वतःचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर असून इमारतीला लिफ्ट नाही, म्हणून देवळाचा सभामंडप मागून घेतला. त्याच्या तीन पायऱ्यांना कठडा बसविण्याची परवानगी विश्वस्तांनी लगेच दिली. सध्या पाच शुभार्थी येतात आणि ताईंचा एक विद्यार्थी तबला वाजवितो. लहरा, म्हणजे तालाबरोबर फिरत राहणारी धून, धरायला पेटीवादक हवा आहे. सातारा परिसरातल्या कुणाला गुरुवारचा एक तास देता येत असेल, तर त्यांनी मला मेसेज करावा. मानधन थोडे आहे, पण दिले जाईल.