ही शिट्टी आपली नाही, आई

आज सासरच्या नात्यात डोहाळजेवण होतं. जेवणं आटोपली, विडे फिरत होते, आणि एका चुलत सासूबाईंनी आमच्या धाकट्याचा गाल ओढत सगळ्यांसमोर म्हटलं, "गोड आहेत हो पोरं. पण हिला कुठे त्यांचं कौतुक बघायला मिळतं? बालपण सगळं त्या पाळणाघरवालीच्या वाट्याला."

मी हसले. तिथे हसण्याशिवाय काय करणार? पण डोंबिवलीला परत येईपर्यंत ते वाक्य घशात अडकून होतं. आता दोघं झोपलीत, अकरा वाजून गेलेत. तिथे तोंडावर जे बोलता आलं नाही ते इथे लिहिते.

काकू, माझ्या मुलीला आमच्या कुकरची शिट्टी ओळखता येते.

रोजचं आमचं असं आहे. स्टेशनवरून थेट पाळणाघर, तिथून दोघांना घेऊन घर, हातपाय धुतले की आधी कुकर. खाली डाळ, वर तांदूळ. थोरली साडेचार वर्षांची आहे. शिट्ट्या मोजणं हे तिचं काम. मी दिलेलं नाही, तिने आपणहून घेतलंय. ओट्याला पाठ लावून फरशीवर बसते, शेजारी कपड्यांच्या चिमट्यांची टोपली. एक शिट्टी झाली की एक चिमटा फ्रॉकच्या घेराला लावायचा. तीन चिमटे झाले की ओरडायचं, "आई, गॅस!"

श्रावणात एका मंगळवारी फोन खांद्यात धरून मी दुधी चिरत होते. फोन ऑफिसचा, महिनाअखेरचे हिशोब अडलेले. शिट्टी वाजली, मी गॅसकडे हात नेला, तर हिने खालून माझा कुर्ता घट्ट धरला. "नाही आई! ही आपली नाही. ही शेजारच्या काकूंची."

म्हटलं, अगं झाल्या तीन. तर म्हणते, "आपली आधी फुसफुस करते, मग ओरडते. त्यांची एकदम ओरडते."

मी थांबले. आणि खरंच, थोड्या वेळाने आमचा कुकर फुसफुसला, शिट्टीच्या बुडाशी पाण्याचे थेंब नाचायला लागले, आणि मग ती वाजली. हिने शांतपणे तिसरा चिमटा लावला. तो कुकर लग्नापासून माझ्या हातात आहे. सात वर्षं. त्याची रिंग मी स्वतः तीनदा बदललीय. तो ओरडायच्या आधी फुसफुसतो हे मला माहीत नव्हतं. फोनवर पलीकडून "हॅलो, ऐकताय ना?" चाललं होतं. मी ऐकतच होते, पण दुसरंच काहीतरी.

हे मी बघितलं, काकू. मी. अंगावर ऑफिसचे कपडे, पाय ठणकताहेत, पावणेआठ वाजलेत, अशा वेळी बघितलं.

आणि तिला 'पाळणाघरवाली' म्हणू नका. आम्ही मावशी म्हणतो. दाराशी चप्पल घालता घालता त्या मला दोनच वाक्यांत दिवस सांगतात. "दुपारी झोपला नाही, चिडचिड करेल. वरण-भात मात्र सगळा संपवला." त्या दोन वाक्यांवर माझी अख्खी संध्याकाळ बेतलेली असते. माझ्या मुलांवर आणखी एका बाईने जीव लावला तर माझ्या वाट्यातलं काय कमी झालं?

एक मान्य करते. थोरलीच्या तोंडी मावशींचे शब्द येतात. परवा दूध सांडलं तर "आत्ता गं बया" म्हणाली, अगदी त्यांच्याच सुरात. आमच्या घरात कुणी असं म्हणत नाही. ऐकलं आणि आत काहीतरी टोचलं. टोचतं. बस्स, याहून जास्त मान्य करणार नाही.

आणि आज तिथेच दहा पावलांवर मुलांचा बाबा उभा होता. तोही रोज त्याच गर्दीतून नोकरीला जातो. एका हातात धाकटा, दुसऱ्या हातात जिलबीची वाटी. त्याला काय ऐकायला मिळालं? "किती सांभाळतो हो, अगदी आईसारखं!" तो सांभाळतो, याबद्दल माझी तक्रार नाही. पण बालपण निसटतंय ते फक्त माझ्याच हातून का?

दुसरा राग त्या सल्ल्याचा. हल्ली जो तो सांगतो, मुलांना 'क्वालिटी टाइम' द्या. रोज अर्धा तास सगळं बाजूला ठेवून फक्त मुलांबरोबर बसा. कुठून आणू तो अर्धा तास? आणि आणला, मांडी घालून समोर बसले, तर मुलगी मला शिट्टीचं सांगणार आहे का? ते कुकर लावलेला होता म्हणून घडलं. दुधी चिरायचा होता, फोन चालू होता, शेजारच्या काकूंचाही स्वयंपाक त्याच वेळी चालला होता, म्हणून घडलं. माझी मुलं मला कामातच भेटतात. धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालताना, गादीवर चादर टाकताना, धाकट्याची नखं कापताना तो श्वास रोखून माझ्या बोटांकडे बघत असतो तेव्हा. कामातून वेगळा काढलेला वेळ मला नकोय. त्या कामांत मागून कुणी ढकलू नये, एवढंच हवंय.

माझी आई एका खाजगी कंपनीत टायपिस्ट होती. १९६१ च्या कायद्याने तेव्हा बाळंतपणाची रजा १२ आठवडे, त्यातलेही काही बाळ व्हायच्या आधीच संपायचे. मूल जेमतेम मान धरायला लागतंय तोवर आई टाइपरायटरसमोर. २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे झाले. मला दोन्ही वेळा मिळाले, आणि ते किती मोलाचे होते हे मी आईच्या तोंडाकडे बघून ओळखलं. त्याच दुरुस्तीत असंही आलं की ५० किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघराची सोय हवी, आईला दिवसातून चारदा मुलाकडे जाता यायला हवं. हेतू चांगला, नाही म्हणत नाही. पण माझं ऑफिस फोर्टात आणि घर डोंबिवलीत, मध्ये जवळजवळ पन्नास किलोमीटर. सकाळच्या फास्ट लोकलमध्ये दीड वर्षाचं पोर काखेत घेऊन चढायचं कसं? त्या गर्दीत माझी ओढणी माझ्याबरोबर डब्यात येईल याची खात्री नसते.

तरी त्या डब्याने मला सावरलंय. संध्याकाळी आमच्या ग्रुपमधल्या कुणी मेथी निवडत असतात, कुणी वाटाणे सोलत असतात, आणि मध्येच एखादी म्हणते, "काल आमचा काय म्हणाला माहितीये?" की सगळ्यांचे हात थांबतात. शिट्टीची गोष्ट मी तिथेच पहिल्यांदा सांगितली. कुर्ल्याला सुरू केली, ठाण्यापर्यंत पुरली. निवृत्तीला आलेल्या आमच्या एक ताई खिडकीकडे तोंड करून ऐकत होत्या, काही बोलल्या नाहीत. दोन आठवड्यांनी गर्दीतून उतरता उतरता मागे वळून म्हणाल्या, "काय गं, आज शेजारची शिट्टी की आपली?" दारात इतकी रेटारेटी होती, तरी डोळ्यांत पाणी आलं. त्यांचा मुलगा आता परदेशात असतो.

लिहिता लिहिता राग उतरला बहुतेक. काकूंनी आयुष्यभर बारा माणसांच्या घरात दोन्ही वेळचा स्वयंपाक केला. त्यांना त्यांच्या मुलांचं काय बघायला मिळालं, हे कुणी कधी विचारलं असेल? पुढच्या वेळी भेटल्या की मीच विचारीन. मनापासून.

उद्या डब्याला छोले आहेत, भिजत घातलेत. झोपायच्या आधी थोरलीने विचारलं, "उद्या किती?" म्हटलं, सहा. मग अंथरुणातून उठून गेली आणि ओट्यावरच्या फडक्याला ओळीने चिमटे लावून आली, सकाळी घाई नको म्हणून.

आत्ता पाणी प्यायला उठले तेव्हा मोजले. सात आहेत. तसेच राहू दिलेत.