ग्राफ डेटाबेसला इंडेक्स लागत नाही हे कोणी सांगितलं?

शुक्रवारी रात्री साडेदहाला मामेभावाचा फोन. "दादा, त्या मेसेजमधलं सगळं केलं, आता तर आणखीनच स्लो झालंय." मेसेज तोच, 'निओफोरजेवर एकदम जास्त युजर आले की क्वेरी रखडतात? हे ५ उपाय करा', दोन आठवडे ग्रुपाग्रुपात फिरतोय. (निओफोरजे हा ग्राफ डेटाबेस: माहिती नोड, म्हणजे ठिपके, आणि त्यांना जोडणाऱ्या रिलेशनशिप, म्हणजे रेषा, अशी ठेवतो. क्वेरी म्हणजे त्याला विचारलेला प्रश्न.) मला तीनदा आला, सोडून दिला. पण आता पोराने प्रॉडक्शनवर, म्हणजे लोक वापरतात त्या चालू सिस्टमवर, ते करून ठेवलंय म्हटल्यावर गप्प बसवत नाही.

सगळ्यात भयंकर उपाय पहिलाच: 'ग्राफला इंडेक्स लागत नाहीत, काढून टाका, रायटिंग फास्ट होईल.' (इंडेक्स म्हणजे हवी ती नोंद थेट सापडावी म्हणून केलेली सूची.) अहो, एका नोडवरून शेजारच्या नोडवर जायला इंडेक्स लागत नाही हे खरं, रिलेशनशिपचा पत्ता तिथेच असतो. पण पहिल्या नोडवर पोचणार कसे? वाड्यातल्या खोल्या एकमेकींत उघडतात म्हणून वाडा कुठल्या गल्लीत आहे ते विचारायचंच नाही का?

त्याला म्हटलं, मोबाइल नंबरवरून ग्राहक शोधणारी क्वेरी प्रोफाइल लावून चालव, म्हणजे डेटाबेसने कोणत्या पायरीला किती ओळी चाळल्या तो प्लॅन दिसतो. प्लॅनच्या तळाशी नोड बाय लेबल स्कॅन, ओळी ९ लाख, त्याच्यावर फिल्टर, ओळ १. म्हणजे एका माणसासाठी अख्खी यादी चाळली. एकट्याने चालवली तर सेकंदाच्या आत येते म्हणून टेस्टिंगमध्ये कळलंच नाही, पण अशा चाळीस जणी एकदम आल्या की प्रत्येक जण ९ लाख चाळत बसते, प्रोसेसरचे कोअर संपतात, आणि लोक म्हणतात ग्राफला कन्करन्सी (एकाच वेळी अनेक युजर) झेपत नाही. इंडेक्स परत घातल्यावर तिथे नोड इंडेक्स सीक (सूचीतून थेट शोध) आलं, ओळ १. (क्वेरीत लेबल, म्हणजे नोडचा प्रकार, उदाहरणार्थ 'ग्राहक', लिहायला विसरू नका, लेबल नसेल तर हा इंडेक्स वापरलाच जात नाही.)

दुसरा, 'सगळी रॅम हीपला द्या.' हीप म्हणजे क्वेरी चालवताना कामाला लागणारी मेमरी. १६ जीबीच्या मशीनवर याने १४ जीबी हीपला दिली. डिस्कवरचा डेटा रॅममध्ये ज्यात राहतो ती पेज कॅश हीपच्या बाहेर असते! तिला जागाच उरली नाही की प्रत्येक क्वेरी डिस्कवर जाते. निओफोरजेच्या ऑपरेशन्स मॅन्युअलमध्ये मेमरीवर अख्खं प्रकरण आहे, ओएस, हीप, पेज कॅश असे तीन वाटे करायला सांगितलेत, आणि मेमरी रेकमेंडेशनची कमांड आकडे काढूनही देते. ती चालवायला मिनिट लागत नाही. मोठमोठे सॉर्ट (क्रम लावणं) आणि कलेक्ट (यादी गोळा करणं) एकदम चालत असतील तर हीप खरंच कमी पडते, एवढं मान्य करतो, पण म्हणून सगळी नाही.

तिसरा, कनेक्शन पूल, म्हणजे ॲपने डेटाबेसशी उघडी ठेवलेली कनेक्शन, १०० वरून १००० करा म्हणे. सर्व्हरला कोअर ८, बोल्टचे (ॲप डेटाबेसशी ज्या प्रोटोकॉलने बोलतं त्याचे) थ्रेड डिफॉल्टला जास्तीत जास्त ४००. तुमची रांग नुसती दारातून आत गेली. आधी बघा सेशन बंद करताय का, आणि दर रिक्वेस्टला नवीन ड्रायव्हर (डेटाबेसशी जोडून देणारा कोडमधला भाग) तर बनवत नाही ना.

चौथा, पॅरलल रनटाइम (एक क्वेरी अनेक कोअरवर वाटून चालवणं) प्रत्येक क्वेरीला लावा, हाही उलटा सल्ला. निओफोरजेच्या ५.१३ आवृत्तीपासून आलाय, फुकटच्या कम्युनिटी आवृत्तीत नाही, आणि तो एकाच मोठ्या ॲनालिटिकल क्वेरीला अनेक कोअर देण्यासाठी आहे. शेकडो छोट्या क्वेरी चालू असताना लावू नका असं मॅन्युअलच सांगतं.

शेवटचा, 'वाचणाऱ्या क्वेरी लॉकमध्ये (दुसऱ्याने घातलेल्या कुलुपात) अडकतात.' डिफॉल्ट रीड कमिटेड या सेटिंगमध्ये नुसतं वाचायला लॉक घेत नाहीत. हां, लिहिणाऱ्या अडकतात. एकाच नोडला सगळे जण रिलेशनशिप जोडायला लागले की थांबावं लागू शकतं, त्यात तथ्य आहे. पण मग शो ट्रान्झॅक्शन्स ही कमांड चालवा, स्टेटसमध्ये कोण कोणामुळे अडकलंय ते लिहिलेलं दिसतं. अंदाजाने औषध कशाला?

आणि इंडेक्स काढायच्या नादात याने मोबाइल नंबरवरचा युनिक कन्स्ट्रेंटही (एक नंबर एकाच ग्राहकाला, हा नियम) काढला होता. कन्स्ट्रेंट नसेल तर एकाच वेळी आलेले दोन मर्ज ('असेल तर शोध, नसेल तर बनव' ही कमांड) तोच ग्राहक दोनदा तयार करू शकतात, आणि तसंच झालं. आता कन्स्ट्रेंट परत लावायला गेलं की डुप्लिकेट आहेत म्हणून एरर येते. त्यामुळे सध्या साधा इंडेक्स लावून चालवलंय. पोरगं शनिवारपासून हाताने डुप्लिकेट जुळवत बसलंय, कोणाची ऑर्डर कोणत्या नोडला चिकटलीय ते एकेक उघडून बघत. काल रात्रीपर्यंत सव्वाशे झाले होते.