इझारच्या काठावरून मुठेकडे

पुण्याच्या नदीकाठ प्रकल्पाबद्दल मी फोनवर नाराजी बोलून दाखवली, तशी आत्या फणकारली, "तू म्युनिकला नदीकाठी फिरायचंस आणि आम्ही जन्मभर नाकाला रुमाल लावायचा का?"

टोमणा लागला, कारण तो खरा आहे. म्युनिकच्या इझार नदीच्या काठी (नावाला हसू नका, उच्चार तसाच आहे) मी जवळजवळ रोज जाते. पण इथे काठ बांधलेला नाही, मोडलेला आहे. एकोणिसाव्या शतकात सरळ करून बांधात कोंडलेल्या या नदीचा शहरातला ८ किलोमीटरचा पट्टा २००० ते २०११ या काळात मोकळा केला. पात्र रुंद केलं, काठ उतरता केला आणि गोटे कुठे साचायचे ते नदीवर सोडलं. पुराला जागा मिळाली, माशांना उथळ पाणी मिळालं, पोरांना पाय बुडवायला बेटं मिळाली. वरच्या गावांतल्या सांडपाणी केंद्रांत उन्हाळ्यात अतिनील किरणांनी जंतू मारतात, म्हणून पोहताही येतं. शनिवारी रात्री बाटल्यांचा खचही पडतो, तो भाग वेगळा.

पुण्यातला आराखडा ४४ किलोमीटरचा, अहमदाबादच्या साबरमती नदीकाठाच्या धर्तीवर बांध घालण्याचा. बांधांमुळे पूर आटोक्यात येईल, असं पालिकेचं म्हणणं. एप्रिल २०२३ मध्ये या कामात तुटणाऱ्या झाडांसाठी पुणेकर 'चिपको' म्हणत रस्त्यावर उतरले. तेव्हापासून वाद झाडं विरुद्ध विकास असाच रंगतो. मला तो अपुरा वाटतो.

मुठेवरच्या खडकवासला धरणाचं पाणी कालव्यातून आणि नळांतून निघून जातं. पावसाळ्यातला विसर्ग सोडला, तर मुठेत वाहतं ते मुख्यतः आपलंच सांडपाणी. इझारला आल्प्सचं पाणी आहे, त्यामुळे तुलना सरळ होत नाही, हे मान्य. पण म्हणूनच मुठेत आधी पाणी हवं, दगडी पायऱ्या नंतर. शिवाय विसर्ग वाढला की मुठेवरचा सखल भिडे पूल बुडतो. जुलै २०२४ मध्ये तर नदीकाठच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरलं. अशा नदीला बांधांमध्ये आवळणं मला धाडसाचं वाटतं.

आत्याला विचारलं, "तुला काठावर फरसबंदी हवी की पाण्यात पाय बुडवायला जागा?"

"आधी रुमाल काढू दे गं," ती म्हणाली.