काकू, डाळ का शिजली नाही ते सांगते

काकू, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, पण लगेच उत्तर लिहायला बसले नाही. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. २००३ साली लग्न होऊन मी डेन्व्हरला गेले, तिथल्या पहिल्या स्वयंपाकघराबद्दल मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही म्हणालात, की दोन तासांत तुरीची डाळ शिजवता येत नाही त्या मुलीनं स्वयंपाकावर लिहू नये, आईनं काही शिकवलेलं दिसत नाही. पॅनमध्ये परतलेल्या पोह्यांना इंदूरचे म्हणणं हा इंदूरचा अपमान आहे. आणि नवऱ्याला भांडी घासायला लावली, त्यात सांगण्यासारखं काय?

पोह्यांबद्दल तुमचं बरोबर आहे. त्यावर शेवटी लिहिते. डाळीबद्दल मात्र मला बोलायला हवं, कारण तिथे तुम्ही माझ्या आईला मध्ये आणलंत.

निघायच्या आदल्या रात्री इंदूरच्या रामबागेतल्या घरी बॅगा काट्यावर चढवल्या. तेव्हा एका बॅगेला ३२ किलोची मर्यादा होती. दोन्ही बॅगा जड भरल्या. काय काढायचं यावर घरात तासभर चर्चा झाली आणि शेवटी पाच लिटरचा कुकर बाहेर निघाला. मीच म्हणाले, कुकर तिथेही मिळेल. आईनं दिलेली अन्नपूर्णा, जीरावन (पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला), पोहे, पाच किलो तूरडाळ हे सगळं बॅगेत गेलं. मिक्सर नेण्याचा प्रश्नच नव्हता, तिथली वीज १२० व्होल्टची. तिकडे घरात दोन लिटरचं एक पातेलं, एक सपाट पॅन, एक चाळणी आणि लाकडी उलथनं होतं. नवरा शिकत होता, त्याच्या विद्यावेतनात दोघांचं चालायचं. माझ्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती, आणि गाडी नव्हती. भारतीय किराण्याचं दुकान दोन बस बदलून. कुकर पुढच्या महिन्यात, पुढच्या महिन्यात, असं होत राहिलं.

तिसऱ्या दिवशी वरण-भात करायचं ठरवलं. डाळ अर्धा तास भिजवून पातेल्यात चढवली. पाणी खळखळ उकळत होतं. एक तास झाला, दीड झाला, दोन झाले. डाळीचा दाणा दोन बोटांत दाबून पाहायचा हे आईनंच शिकवलेलं. बाहेरून मऊ लागायचा आणि मध्ये कणी तशीच. वर पाणी, खाली डाळ, दोघांची भेटच नाही. मी रडले होते, काकू. परदेशात आल्याचं दुःख त्यात होतंच, पण मोठा भाग हा की घरी चौदा माणसांचं वरण रोज होताना पाहिलेली मी, आणि दोघांचं जमेना.

कारण मागाहून कळलं. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून सुमारे १६०० मीटर उंचीवर आहे. जसजसं वर जावं तसतसा हवेचा दाब कमी होतो, आणि पाणी कमी तापमानाला उकळायला लागतं. साधारण दर ३०० मीटरला एक अंश. आपलं इंदूर साडेपाचशे मीटरच्या आसपास, म्हणून इथे पाणी ९८ अंशांना उकळतं आणि आपल्याला काही जाणवत नाही. तिथे ते ९५ लाच उकळतं. नवऱ्यानं स्वयंपाकाचा थर्मामीटर आणून पातेल्यात धरला. पाणी उसळतंय, आणि काटा २०३ फॅरेनहाइटवर, म्हणजे ९५ सेल्सिअसवर थांबलेला, पुढे हलेना. आच कितीही वाढवली तरी पाणी त्याहून गरम होत नाही, फक्त लवकर आटतं. मी दोन तास आच वाढवत बसले होते. कुकरमध्ये वाफ कोंडून दाब वाढतो, त्यामुळे पाणी ११५ अंशांच्याही वर जातं. जी गोष्ट मी वजनासाठी काढून ठेवली, नेमकी तीच त्या गावात सगळ्यांत गरजेची होती.

त्यात माझी चूकही होती, ती लपवत नाही. मी टोमॅटो सुरुवातीलाच घातला होता. आंबटानं डाळीचं टरफल आणि गर लवकर मऊ होत नाही, म्हणून चिंच, आमसूल, टोमॅटो सगळं डाळ शिजल्यावर घालायचं. आई तसंच करायची. तिनं कारण सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलं नव्हतं. इंदुरात कुकर होता, म्हणून कोणालाच विचारायची वेळ आली नाही.

कॉलिंग कार्डावरून आईला फोन केला तेव्हा ती म्हणाली, चिमूटभर सोडा घाल. घातला. डाळ शिजली, पण चवीला साबणासारखी लागली, आणि सोड्यानं डाळीतलं ब-१ जीवनसत्त्वही जातं. दोनदा करून सोडून दिलं. मग रस्ता सापडला तो साधाच. तूरडाळ रात्रभर भिजवायची, झाकणावर पाण्यानं भरलेलं जड भांडं ठेवायचं. रोजच्यासाठी मूग आणि मसूर, त्या डाळी ९५ अंशांतही शिजतात. होळीला पुरण मुगाच्या डाळीचं केलं. तुम्ही ते पुरण मानणार नाही कदाचित. अन्नपूर्णेसमोर नैवेद्य तोच ठेवला आणि मला त्यात कमीपणा वाटला नाही.

आईनं शिकवलं नाही, असं कृपा करून म्हणू नका. कच्चं काय आणि शिजलेलं काय हे तिनं हाताला शिकवलं होतं, म्हणून तर ते वरण मी ताटात वाढलं नाही. तिथे दुधावर साय धरायची नाही, कारण दूध एकजीव केलेलं असतं. मग तुपाचं काय? बिनमिठाचं लोणी, एक पाउंड म्हणजे ४५४ ग्रॅम, मंद आचेवर ठेवून कढवायचं. बुडबुडे बारीक झाले आणि बेरी बदामी झाली की खाली उतरवायचं. ही खूण तिच्याच सायीच्या तुपाची. साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास तूप निघायचं, आणि ते चांगलं निघायचं.

भांड्यांचं एका वाक्यात सांगते. घरात दोनच माणसं आणि चारच भांडी, मी फोडणी टाकायची तेव्हा धुराचा भोंगा वाजू नये म्हणून तो खिडकी उघडून वर्तमानपत्रानं वारा घालायचा, मग भांडीही तोच घासायचा. त्यात कोणाचा मान गेला असं आम्हाला दोघांना वाटलं नाही.

आता पोहे. तिथे मी कांदा परतून त्यात भिजवलेले पोहे घातले, वरून जीरावन, आणि मथळ्यात इंदूरचे पोहे लिहून टाकलं. ते चुकलंच. आपल्याकडे पोहे खाली उकळतं पाणी ठेवून वाफेवर राहतात, तेल नावाला, कांदा वरून कच्चा, म्हणून दाणा फुललेला आणि मोकळा राहतो. परतलेल्या पोह्यांची चव वेगळी, ती रामबागेतल्या घरची मराठी चव. वाफेची गोष्ट मला तिथेही जमली असती, चाळणी आणि पातेलं दोन्ही होतं, सुचलं नाही इतकंच. भुट्ट्याच्या किसाचंही, म्हणजे किसलेल्या मक्याच्या इंदुरी पदार्थाचंही, तसंच लिहायला हवं होतं. तिथला मका गोड आणि पाणीदार, आपल्या देशी भुट्ट्यासारखा पिठूळ नाही. दूध अगदी कमी घालून, साखर न घालता, जास्त वेळ परतला तरच जमतो.

मथळा आज बदलला आहे, आता तिथे फक्त 'कांदेपोहे' आहे. बडीशेप फोडणीतच घालायची असं तुम्ही लिहिलंत, तसे पोहे आज सकाळी चाळणीत, वाफेवर केले. धणे फोडणीत अख्खे घालता की भरडून, तेवढं सांगा.