ऑडिट फाइल जाड आहे म्हणून पुरेशी ठरत नाही

अंतर्गत लेखापरीक्षण करणाऱ्यांमध्ये एक सल्ला सारखा फिरत असतो : ‘तपासलेल्या प्रत्येक कागदाची प्रत फाइलला लावा, स्क्रीनशॉट जोडा, जिथे दोष सापडला नाही तिथे एक ओळ पुरे, शेवटी वरिष्ठांची सही घ्या. मग कुणी बोट ठेवू शकत नाही.’ नव्याने कामाला लागलेली मुलं हे तंतोतंत पाळतात आणि गुणवत्ता तपासणीत त्यांचीच फाइल परत येते. लिहिलं नाही ते सिद्ध करता येत नाही, एवढं त्यात खरं आहे. बाकीचं टिकत नाही.

अंतर्गत लेखापरीक्षकांची जागतिक संस्था ‘इन्स्टिट्यूट ऑफ इंटर्नल ऑडिटर्स’ (आयआयए) हिची ‘ग्लोबल इंटर्नल ऑडिट स्टँडर्ड्स’ 9 जानेवारी 2025 पासून लागू झाली. त्यांतल्या मानक 14.6 ची अपेक्षा अशी, की दुसऱ्या जाणकार, विवेकी ऑडिटरला फाइलवरून तेच काम पुन्हा करता यावं आणि त्याचेही निष्कर्ष तेच निघावेत. कसोटी ही आहे. पानं किती, हा प्रश्नच नाही.

आता प्रतींचं पाहू. पंचवीस बिलांच्या प्रती आणि खाली ‘तपासले, योग्य आढळले’ असा शेरा. काय तपासलं? दर पर्चेस ऑर्डरशी जुळवला, की फक्त सही पाहिली? त्यापेक्षा एक तक्ता करा : बिल क्रमांक, तारीख, रक्कम, ऑर्डर क्रमांक, माल मिळाल्याच्या पावतीचा क्रमांक. पुढच्या रकान्यांत दर जुळला का, नग जुळले का, मंजुरी देणाऱ्याची मर्यादा त्या तारखेला पुरेशी होती का, आणि प्रत्येकाचं उत्तर. मर्यादा कोणत्या तारखेच्या अधिकारपत्रकावरून घेतली तेही लिहा, कारण ती पत्रकं बदलतात. एवढं असलं की बिनचूक बिलांच्या प्रती लागत नाहीत, क्रमांकावरून बिल पुन्हा काढता येतं. प्रत ठेवायची ती चुकलेल्या बिलाची, किंवा जो कागद नंतर हाती लागणार नाही त्याची. उगाच साठवलेल्या प्रतींत लोकांचे बँक खाते क्रमांक आणि पगाराचे आकडे असतात, ते सांभाळण्याची जबाबदारी मग आपल्यावर येते.

सगळ्यात जास्त फाइली जिथे अडकतात, त्याचा या सल्ल्यात उल्लेखच नाही : ही पंचवीस बिलं आली कुठून? मूळ यादी कोणत्या रिपोर्टमधून काढली, कोणी, कधी, कोणते फिल्टर लावून, ओळी किती, एकूण रक्कम किती, आणि ती लेजरशी, म्हणजे हिशेबाच्या मूळ खातेवहीशी, जुळली का, हे लिहिलेलं नसेल तर पुढचं सगळं काम अधांतरी राहतं. समजा रिपोर्टला ‘मंजूर’ हा फिल्टर लागलेला होता. मग मंजुरीशिवाय पैसे गेलेली बिलं यादीत आलीच नाहीत, आणि आपण नेमकी मंजुरी तपासायला निघालो होतो! अशा चाचणीत दोष सापडणं शक्यच नव्हतं. लेजरशी बेरीज जुळवून पाहिली असती तर फरक तिथेच दिसला असता. निवडीचंही तसंच. एक्सेलच्या रँड (यादृच्छिक आकडे देणाऱ्या) सूत्राने नमुना काढला तर आकडे प्रत्येक फेरगणनेला बदलतात, म्हणून ते लगेच व्हॅल्यू म्हणून पेस्ट करून ठेवा. ठरावीक अंतराने निवड केली असेल तर अंतर आणि पहिला क्रमांक लिहा.

स्क्रीनशॉट हा पुरावा आहेच, पण कापलेला नाही. सिस्टीमचं नाव, यूजर आयडी, तारीख-वेळ आणि लावलेले फिल्टर दिसले पाहिजेत. युजर अॅक्सेसची यादी प्रत्यक्ष वापरातल्या सिस्टीमची आहे की चाचणी सिस्टीमची, हे चित्रावरून कळत नसेल तर ती यादी काहीच सिद्ध करत नाही.

‘दोष नाही तर एक ओळ पुरे’ हा भाग आमच्या मते सर्वांत घातक आहे. दोष निघतो तेव्हा संबंधित विभाग तो मान्य करतो किंवा भांडतो. दोन्ही प्रकारे मुद्द्याची दुसऱ्या बाजूने पडताळणी होते. ‘नियंत्रण नीट चालतं’ या निष्कर्षाशी मात्र कुणीच वाद घालत नाही. त्याला आधार फक्त आपल्या कार्यपत्रांचा, म्हणजे फाइलमधल्या तपासणीच्या नोंदींचा. म्हणून स्वच्छ निकालाच्या चाचणीत यादी, निवड आणि निकष अधिक काटेकोर लिहावे लागतात. ‘विभागप्रमुखांशी चर्चा केली’ हा तर पुरावा नव्हेच. त्यांनी सांगितलेलं एखाद्या व्यवहारावर पडताळून पाहिलं, तरच ते निष्कर्षाला आधार देतं.

राहिली सही. मानकानुसार ऑडिटप्रमुखाने कार्यपत्रं तपासून मंजूर करायची असतात, पण चाळीस कागदांवर एकाच मिनिटाची सही, तीही अहवाल गेल्यानंतरची, रिव्ह्यू झाला नाही हेच सांगते. रिव्ह्यूअरने काय विचारलं, त्यावरून कोणती चाचणी पुन्हा केली आणि निष्कर्ष बदलला का, हे संबंधित कार्यपत्रातच नोंदवा, अहवाल देण्याआधीच्या तारखेने.