एकूण डबे: शून्य

आयटीत नोकरी करणाऱ्या दिराचा दिवाळीत काहीतरी उपयोग व्हावा, एवढीच आमच्या वहिनींची अपेक्षा असते. त्या फराळाच्या ऑर्डरी घेतात. चिरंजीव डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला, त्यामुळे यंदा डबे मोजायला पायथन या संगणकभाषेतला प्रोग्रॅम.

"भावोजी, जरा बघता का? सकाळपासून शून्यच म्हणतोय मेला."

पुतण्यानं क्लासचं, म्हणजे ज्यावरून एकेक डबा घडतो त्या साच्याचं, नाव चक्क देवनागरीत ‘डबा’ ठेवलं होतं. (पायथन ३ ला हे चालतं, इफ आणि फॉर तेवढे इंग्रजीत लागतात.) क्लासमध्ये ‘एकूण’ शून्य, आणि नवा डबा झाला की ‘सेल्फ डॉट एकूण’मध्ये एक मिळवायचा (सेल्फ म्हणजे तो डबा स्वतः). वाचायला बिनचूक. पण पायथन काय करतो, तर क्लासचं शून्य उसनं घेतो, त्यात एक मिळवतो आणि आलेली बेरीज त्या डब्याच्याच पदरात टाकतो. मग चकलीचा डबा म्हणतो एकूण एक, चिवड्याचाही म्हणतो एकूण एक, आणि क्लास आपला शून्यावर.

‘सेल्फ’ काढून तिथे ‘डबा’ घातल्यावर आकडा बारावर आला. वहिनींचं समाधान झालं नाही.

"नुसतं बारा काय करू? कोणकोणते ते दाखवा."

पुतण्यानं डब्यांची यादी केली आणि ती दाखवणाऱ्या मेथडच्या, म्हणजे क्लासला नेमून दिलेल्या कामाच्या, डोक्यावर ‘ॲट क्लासमेथड’ लिहिलं, की हे काम एकेका डब्याचं नाही, अख्ख्या क्लासचं. या मुलांचा मला हेवा वाटतो. २००४ साली पायथन २.४ आलं, तोवर हे ॲट नव्हतंच. आधी अख्खी मेथड लिहायची आणि ती क्लासची आहे हे खाली सांगायचं. म्हणजे पंगत उठल्यावर आमंत्रण.

स्क्रीनवर उमटलं: ‘डबा ऑब्जेक्ट ॲट झिरो एक्स सेव्हन एफ’ आणि पुढे बरंच काही. वहिनींनी चष्मा लावला.

"हा पत्ता कुठला? पिनकोड कुठाय?"

"मेमरीतला आहे, वहिनी."

"एवढ्या लांबची ऑर्डर मी घेत नाही."

पुतण्यानं मागेपुढे दोन-दोन अंडरस्कोर देऊन ‘एसटीआर’ लिहिलं, म्हणजे छापताना डब्यानं काय म्हणायचं ते सांगणारी मेथड. तरी पत्तेच! कारण डबा एकटा छापला तर पायथन एसटीआरला विचारतो, यादीत घालून छापला की ‘रेप्र’ नावाच्या तिच्या जुळ्या बहिणीला. एकटा भेटला तर नाव सांगतो, घोळक्यात शिरला की पत्ता. रेप्र लिहिल्यावर एकदाची नावं आली: चकली, चिवडा, शंकरपाळे, अनारसे... आणि खालच्या ओळीवर एकटाच ‘नन’, म्हणजे पायथनच्या भाषेत ‘काहीच नाही’. मेथड स्वतःच छापत होती, परत काहीच देत नव्हती, आणि पुतण्यानं त्या ‘काहीच नाही’लाही प्रिंटमध्ये बसवलं होतं.

एवढं झाल्यावर वहिनींनी कपाट उघडून डबे बोटांनी मोजले. अकरा.

"संगणक बारा म्हणतोय!"

मी शांतपणे समजावलं, की डबा तयार झाला की आकडा वाढतो, रिकामा झाला तरी उतरत नाही, कारण उतरवणारी ओळ कुणी लिहिलेलीच नाही.

"मग डबा कुणी रिकामा केला ते दाखवणारी मेथड लिहा आता."

"त्याला मेथड कशाला, आई?" पुतण्या स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाला. "काकांच्या शर्टावर खसखस आहे."